फ्लॅप अडकले आणि पोटात शंभर टन इंधन: बोईंग ७७७ मधून इंधन सोडण्याचा नीट क्रम

सिम्युलेटरवर फ्लॅप (कमी वेगातही विमान तोललं जावं म्हणून पंखामागून बाहेर येणाऱ्या पट्ट्या) अडकल्याचा सराव दिला, की नवख्या माणसाचा हात थेट डोक्यावरच्या पॅनलकडे जातो. दोन्ही इंजिनं ठणठणीत असतात, कुठे धूर नसतो, विमान निमूट चढत असतं, आणि हा गडी दोन मिनिटांत इंधन सोडायला लागलेला असतो. किती सोडायचं, कुठे सोडायचं, मुळात सोडायचं का, यातलं काहीच ठरलेलं नसतं. परवा एकाने तर जुहूचा किनाराही ओलांडला नव्हता, तेवढ्यात इंधन बाहेर सोडणारे दोन्ही नॉझल उघडले. विचारलं तर म्हणाला, "दादा, विमान जड आहे ना, हलकं करायला नको?"

हलकं करायला हवंच असतं, बहुतेक वेळा. पण ते सहाव्या टप्प्याचं काम आहे. त्याच्या आधीचे पाच टप्पे गाळले, की सिम्युलेटरवर एकतर टायर फुटतात, नाहीतर विमान कोरडं पडतं. दोन्ही प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेत.

हा लेख घरच्या सिम्युलेटरवर मोठी विमानं उडवणाऱ्यांसाठी आहे. खऱ्या कॉकपिटमध्ये कंपनीची चेकलिस्टच चालते. इथले आकडे तिथे न्यायचे नाहीत. आणखी एक. तुम्ही एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ उडवत असाल, तर तुमच्या विमानात इंधन सोडायची सोयच नसते. तिथे घिरट्या घालून इंधन जाळायचं किंवा जड विमानच उतरवायचं. ही सोय ७७७, ७८७, ७४७, ए३८० अशा मोठ्या विमानांत मिळते.

उदाहरण शेवटपर्यंत एकच धरतो. बोईंग ७७७-३००ईआर, मुंबईहून न्यूयॉर्कला. धावपट्टी २७ वरून फ्लॅप १५ ठेवून उड्डाण झालं (आकडा जितका मोठा, तितके फ्लॅप जास्त बाहेर). फ्लॅप १५ वरून ५ वर आले, फ्लॅपचा लिव्हर १ वर नेला, आणि फ्लॅप ५ वरच राहिले.

तयारी: उड्डाणाआधी कागदावर चार आकडे

हे गेटवर उभे असतानाच लिहून ठेवायचं. आकाशात घंटी वाजत असताना मेनूमध्ये शोधाशोध करायची नाही.

१. इंधन सोडून बाकी सगळं वजन, म्हणजे विमान, माणसं आणि सामान: आपल्या उदाहरणात २१८ टन.
२. टेक-ऑफचं वजन: ३३८ टन. म्हणजे इंधन १२० टन.
३. उतरताना चालणारं कमाल वजन: ७७७-३००ईआर साठी २५१.३ टन.
४. प्रत्येक फ्लॅपची वेगमर्यादा: फ्लॅप १ ला २६५ नॉट (ताशी सागरी मैल), ५ ला २४५, १५ ला २३०, २० ला २२५.

पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारा. बरेच जण सिम्युलेटरमध्ये प्रवासी-सामान एक भरतात आणि एफएमसीमध्ये (विमानाचा हिशेब करणाऱ्या संगणकात) भलताच आकडा टाकतात. एरवी ते खपून जातं. इंधन सोडायची वेळ आली, की विमानाचा पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर उभा राहतो.

टप्पा १: आधी विमान सांभाळा

लिव्हर १ वर आहे, फ्लॅप ५ वर आहेत. वेगमर्यादा लिव्हर बघून ठरत नाही, पंखावर फ्लॅप खरोखर जिथे आहेत त्यावर ठरते. म्हणजे २४५.

इथेच पहिली फसगत होते. फ्लॅप आत जाणार आहेत असं धरून ऑटोपायलट वेग वाढवत नेतो. ३३८ टनांवर फ्लॅप पूर्ण आत घेऊन उडायचा किमान वेगच साधारण २५३ नॉट निघतो, म्हणजे तो २४५ च्या पलीकडे जायला बघणारच. म्हणून वेगाची खिडकी स्वतः उघडा आणि २२५ लावा. या वजनाला फ्लॅप ५ वर किमान वेग साधारण २१३ पडतो आणि वरची हद्द २४५. मधली पट्टी जेमतेम तीस नॉटची आहे. अवघड वळणं घेऊ नका.

उंची? फ्लॅप बाहेर असताना २०,००० फुटांच्या वर जायचं नाही, ही बोईंगची ठरलेली हद्द. आपल्याला तेवढंही चढायचं नाही. समुद्रावर जाऊन ८,००० फुटांवर विमान सरळ ठेवा.

सावधान: लिव्हर पुढे-मागे करून "बघू जातात का" हा प्रयोग करायचा नाही. आत्ता दोन्ही पंखांचे फ्लॅप सारखे आहेत. तुमच्या धडपडीत एक बाजू हलली आणि दुसरी नाही, तर विमान एका अंगाला झुकायला लागेल.

टप्पा २: नेमकं काय बिघडलंय ते वाचा

"फ्लॅप गेले" एवढ्यावर कोणी थांबू नये. मधल्या पडद्यावर जो संदेश आलाय तो शब्द न शब्द वाचा, कारण दोन संदेश दिसायला सारखे आणि अर्थाने पार वेगळे आहेत.

"फ्लॅप प्रायमरी फेल" आला, तर नेहमीची हायड्रॉलिक यंत्रणा बसलीय आणि विजेच्या मोटरने काम हाती घेतलंय. फ्लॅप हलतील, फक्त रडतखडत. उतरताना ते लवकर बाहेर काढायला सुरुवात करायची, एवढाच फरक. इथे इंधन सोडायची घाई कशालाच नको.

"फ्लॅप ड्राइव्ह" आला, तर फ्लॅप हलवणारी यंत्रणाच निकामी झालीय. आता ते जिथे आहेत तिथेच राहणार, हे गृहीत धरून पुढचं सगळं आखायचं. आपल्या उदाहरणात हाच संदेश आलाय.

सावधान: पॅनलवर फ्लॅपचं पर्यायी बटण दिसतं आणि हात शिवशिवतो. "फ्लॅप ड्राइव्ह" असताना ते वापरायचं नाही. नेहमीच्या पद्धतीत एका पंखाचे फ्लॅप दुसऱ्यापेक्षा वेगळे जाऊ लागले तर यंत्रणा त्यांना थांबवते. पर्यायी पद्धतीत तो पहारेकरी नसतो.

तपासा: ऑटोपायलट चालू असतानाही समोरचा योक (विमान वळवायचं चाक) तिरका धरलेला दिसतोय का? सरळ असेल तर दोन्ही बाजू जवळपास सारख्या आहेत. बराच तिरका असेल तर ते लक्षात ठेवा, उतरताना आडव्या वाऱ्यात त्रास देईल.

टप्पा ३: चेकलिस्ट शेवटपर्यंत

यावर फार लिहिण्यासारखं नाही. पूर्ण करा. उतरताना कोणता वेग धरायचा, हे तुमच्या विमानाच्या चेकलिस्टमध्ये फ्लॅपच्या स्थितीनुसार दिलेलं असतं. तो वेग कागदावर उतरवा. एक टीप मात्र अधोरेखित करून ठेवा: फ्लॅप बाहेर असताना एफएमसी जे इंधनाचे अंदाज दाखवतं ते धरायचे नाहीत. फ्लॅप आत आहेत असं समजून ते गणित मांडतं. "अजून बारा तास पुरेल" असं ते आनंदाने सांगत असतं.

टप्पा ४: हिशेब

आता वही-पेन. सिम्युलेटर पॉझ करू नका; ८,००० फुटांवर होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या) लावा आणि विमान फिरत असतानाच लिहा. सराव त्याचाच आहे.

पहिला प्रश्न, घाई आहे का? केबिनमध्ये धूर, आग, कोणी अत्यवस्थ, इंजिनची कुरबुर, यातलं काहीही असेल तर इंधनाचा विषय मागे टाका आणि जड विमान घेऊनच उतरा. मोठ्या विमानाची रचनाच अशी असते, की उतरण्याच्या कमाल वजनाला ते सेकंदाला १० फूट वेगाने टेकलं तरी टिकावं आणि टेक-ऑफच्या कमाल वजनाला सेकंदाला ६ फूट. सेकंदाला ६ म्हणजे मिनिटाला ३६०. हळुवार टेकवलं तर जड विमानही उतरतं, नंतर तपासणी होते. नुसते फ्लॅप अडकलेत, बाकी सगळं धड आहे, तेव्हा मात्र वेळ आपल्या बाजूने असतो. तो वापरा.

दुसरा प्रश्न, न सोडता उतरलो तर काय होईल? अर्धा तास उडून चारेक टन जळले असं धरू. वजन ३३४ टन. फ्लॅप ५ चा वेग साधारण २१२ नॉट. (अंतिम वेग चेकलिस्ट सांगेल तो; तुलना करायला मी फ्लॅप ५ चा किमान वेग धरतोय.) समुद्रसपाटीला ३० अंश तापमानात २१२ चा जमिनीवरचा वेग वारा नसताना २१७ होतो, कारण गरम हवा विरळ असते. आता टायरकडे बघा. या विमानाचे टायर ताशी २३५ मैलांपर्यंतचे, म्हणजे २०४ नॉट. तुम्ही तेरा नॉट वर आहात. बहुतेकांना वाटतं, अडचण धावपट्टीच्या लांबीची आहे. धावपट्टीच्या आधी टायर हात टेकतात.

तिसरा प्रश्न, कमाल वजनापर्यंत सोडून उतरलो तर? २५१ टनांवर फ्लॅप ५ चा वेग १८९, जमिनीवर १९४. टायरच्या हद्दीला दहा नॉट शिल्लक. मागून दहाचा वारा आला तर तेही संपले.

ब्रेकचंही असंच आहे. वजन गुणिले वेगाचा वर्ग, एवढंच गणित. नेहमी २५१ टनांवर फ्लॅप ३० ठेवून १५४ नॉटने उतरतो, त्यात ब्रेकला जेवढी शक्ती पचवावी लागते तिला १ म्हणा. इंधन सोडून फ्लॅप ५ वर उतरलो तर ती दीडपट होते. न सोडता उतरलो तर अडीचपट. दीडपट आणि अडीचपट यातली ही तफावत, तिच्यासाठीच ऐंशी टन इंधन समुद्रावर ओतायचं.

चौथा प्रश्न, सोडून झाल्यावर हातात काय उरतं? हा प्रश्न जवळपास कोणीच विचारत नाही. २५१.३ वजा २१८, म्हणजे ३३ टन. फ्लॅप बाहेर, उंची कमी, तेव्हा ताशी नऊ-दहा टन जळतील असं सढळ हाताने धरा. तीन तासांहून जास्त. उत्तम. पण समजा विमान माणसांनी आणि सामानाने ठासून भरलंय आणि इंधनाशिवायचं वजनच २३७ टन आहे. मग उरतात फक्त १४ टन, जेमतेम दीड तास. त्यात मुंबईची मुख्य धावपट्टी कोणी अडवून बसलं, एकदा वर जावं लागलं, फ्लॅप लटकलेलेच ठेवून दुसरं विमानतळ गाठायचं म्हटलं, तर तुम्ही एका अडचणीच्या दोन केल्यात. अशा वेळी चार-पाच टन जास्त ठेवून थोडं जड उतरणं शहाणपणाचं. मी तरी तसंच करतो.

"पण यंत्रणा एका पातळीच्या खाली सोडूच देत नाही ना?" हो. १०,००० फुटांवर चढून पुढे ४५ मिनिटं उडता येईल इतकं इंधन ठेवायलाच हवं, असा नियम आहे, आणि टाक्यांमधल्या पाइपांची तोंडं त्यासाठीच तळापासून वर ठेवलेली असतात. पण ती ४५ मिनिटं किफायतशीर वेगाने उडून मोजलेली आहेत. त्यात तुमचे लटकलेले फ्लॅप धरलेले नाहीत.

उतरायचं कुठे, तेही आत्ताच ठरवा. मुंबईची मुख्य धावपट्टी साधारण ३,४५० मीटर. हैदराबादची ४,२६०, बेंगळुरूची ४,०००. लांब धावपट्टी बघून मन तिकडे ओढतं. पण बेंगळुरू समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर आहे. तिथे २८ अंशांच्या दुपारी तोच १८९ नॉट जमिनीवर २०४ होतो. टायरच्या बरोब्बर हद्दीवर! हैदराबादला दोन हजार फूट आणि ३० अंशांत २०१. मुंबई लहान, पण १९४. आपल्या उदाहरणात मी मुंबईच निवडेन, धावपट्टी कोरडी असेल तर. पावसाळ्यात पाणी साचलं असेल तर चेकलिस्टचा अंतराचा तक्ता उघडून हिशेब परत मांडावा लागेल.

तपासा: कागदावर आता हे लिहिलेलं असायला हवं. सोडायचं इंधन: ८२ ते ८३ टन. ठेवायचं इंधन: ३३ टन. उतरायचा वेग, धावपट्टी, दुसरा पर्याय. यातलं एकही रिकामं असेल तर पुढे जायचं नाही.

टप्पा ५: जागा आणि परवानगी

रेडिओवर आधी "पॅन-पॅन" (अडचण आहे, पण लगेच जिवावरची नाही, असा इशारा) तीनदा. मग बिघाड, पुढचा बेत, विमानात किती माणसं, किती इंधन. आणि मग स्पष्ट शब्दांत: इंधन सोडायचंय, अमुक उंचीवर, अमुक दिशेला, अमुक मिनिटं.

हे सांगणं शिष्टाचाराचा भाग नाही. १४ जानेवारी २०२० ला लॉस एंजेलिसहून शांघायला निघालेलं ७७७ इंजिनच्या बिघाडामुळे परत फिरलं. नियंत्रकाने विचारलं, इंधन सोडायला थांबायचंय का? उत्तर आलं, नको. आणि नंतर उतरता उतरता, शहरावर, कमी उंचीवरून इंधन सोडलं गेलं. ते कडाही भागात शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांच्या अंगावर पडलं. नियंत्रकाला माहीतच नव्हतं, तर तो विमानाला वळवणार कुठे?

आंतरराष्ट्रीय नियम असे: शहरं-गावं टाळून, शक्यतो पाण्यावर, गडगडाटी ढगांपासून दूर, आणि किमान ६,००० फुटांवर. तेवढ्या उंचीवरून सोडलं तर बारीक तुषार होऊन बहुतेक इंधन खाली पोचायच्या आत हवेत विरतं. नियंत्रक बाकीच्या विमानांना तुमच्यापासून आडवं किमान १० सागरी मैल दूर ठेवतो. तुमच्या मागे ५० मैलांच्या किंवा पंधरा मिनिटांच्या अंतरात कोणी असेल तर तो तुमच्या १,००० फूट वर किंवा ३,००० फूट खाली.

मुंबईला अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, म्हणून प्रश्न सुटला असं वाटतं. पूर्ण सुटत नाही. पश्चिमेला दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर बॉम्बे हायचे तेलफलाट आहेत, त्यांच्या ज्योती जळत असतात, आणि जुहूहून तिकडे हेलिकॉप्टरची ये-जा चालू असते. नकाशावर निळं दिसलं म्हणून खाली कोणी नाही असं होत नाही. नियंत्रक जी दिशा देईल तीच घ्या. सिम्युलेटरवर एकटेच असाल तर फलाट टाळून नैर्ऋत्येला जा, आणि १०,००० फूट घ्या.

टप्पा ६: पॅनल

आता डोक्यावरच्या पॅनलकडे. क्रम मोडायचा नाही.

१. आर्मचं बटण दाबा. यंत्रणा जागी होते आणि उतरण्याच्या कमाल वजनाला किती इंधन ठेवावं लागेल तो आकडा स्वतःच लावते. अजून एक थेंबही बाहेर गेलेला नाही.

२. तो आकडा वाचा, मोठ्याने. तुमच्या वहीतल्या ३३ शी जुळतोय का? पाच-दहा टनांचा फरक दिसला तर थांबा. नव्वद टक्के वेळा, निदान माझ्या टेबलावर, सुरुवातीला भरलेलं वजन चुकलेलं असतं. तयारीतला पहिला आकडा म्हणूनच.

३. जास्त इंधन ठेवायचं असेल तर उरणाऱ्या इंधनाचा नॉब बाहेर ओढा आणि फिरवा. कमी करायला तो उगाच हाताळू नका.

४. डावा नॉझल उघडा. दिवा बघा. मग उजवा. दोन्ही एकदम दाबायची गरज नसते, आणि एक उघडला नाही तर लगेच कळतं.

५. पडद्यावर बाकी वेळ दिसू लागेल. घड्याळ लावा.

आमच्याकडच्या एका इंजिनीअरिंगच्या पोराने चौथी पायरी बरोबर केली, दुसरी गाळली. त्याच्या एफएमसीत २१८ च्या जागी १८२ पडलं होतं, अंकांची अदलाबदल. यंत्रणेने ६९ टन ठेवायचं ठरवलं, तेवढ्यावर ती शहाण्यासारखी थांबली, आणि हा "सोडून झालं" म्हणत उतरायला निघाला. एफएमसीचा वेगही त्याच चुकीच्या वजनावर काढलेला. प्रत्यक्षात विमान ३६ टन जड होतं. शेवटच्या वळणात योक थरथरायला लागला (वेग फार कमी पडल्याचा इशारा) तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं.

सावधान: सिम्युलेटरच्या मेनूतली इंधनाची पट्टी सरकवून टाक्या रिकाम्या करणं, याला इंधन सोडणं म्हणत नाहीत. हसू नका, करतात लोक.

टप्पा ७: सोडत असताना

या विमानातून मिनिटाला साधारण अडीच टन जातं. ८२ टनांना ३३ मिनिटं, असं कागद म्हणतो. पण मधली टाकी रिकामी झाली, की नुसते पंखांतले पंप उरतात आणि वेग उतरतो. चाळीसच्या पुढेही जाईल असं धरा, आणि खरं मानायचं ते पडद्यावरच्या वेळेला.

या वेळात तीन गोष्टी सांभाळायच्या.

आपल्याच इंधनात शिरू नका. गोल घिरट्या घालण्यापेक्षा लांब सरळ रेषा आणि मग एक रुंद वळण घ्या, तेही वारा येतो त्या बाजूला. तुषार वाऱ्याबरोबर मागे आणि खाली जात असतात. म्हणून सोडता सोडता खाली उतरणं हा शुद्ध वेडेपणा.

वेग कमी करत राहा, पण घाईने नको. वजन दर मिनिटाला घटतंय, किमान वेगही खाली येतोय. सुरुवातीचे २२५ शेवटी २०० वर आणता येतात.

आणि फ्लॅपला हात नाही. फ्लॅप किंवा स्लॅट (पंखाच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या) हलले की पंखामागची हवा बदलते आणि तुषार कुठे जातील याचा भरवसा उरत नाही. काही विमानांत तर इंधन सोडताना फ्लॅप अमुक स्थितीत नकोत, अशी पाटीच बटणाशेजारी असते. आपले अडकलेलेच आहेत, म्हणजे मोह तरी नाही.

दर दहा मिनिटांनी दोन्ही पंखांतलं इंधन सारखं उतरतंय ना, ते बघा. सिम्युलेटरचा वेळ चौपट वेगाने पळवायचा असेल तर शेवटची दहा मिनिटं सोडून पळवा.

टप्पा ८: बंद करणं

ठरलेली पातळी आली की यंत्रणा आपोआप थांबते. थांबली, तरी तुम्ही बंद करा: आधी दोन्ही नॉझल, मग आर्म. उघडताना होता त्याच्या उलटा क्रम. मग दिवे विझले का ते बघा.

तपासा: एकूण इंधन लिहून घ्या, पाच मिनिटांनी परत बघा. पाच मिनिटांत पाऊण-एक टन जळणं ठीक. दोन-तीन टन गेले तर कुठला तरी नॉझल पूर्ण मिटलेला नाही.

नियंत्रकाला "सोडणं संपलं" कळवा. त्याने तुमच्याभोवती मोकळं आकाश धरून ठेवलेलं असतं, आणि मुंबईत ते किती महाग पडतं, हे कोणत्याही संध्याकाळी विमानतळाच्या कुंपणाजवळ उभं राहून मोजता येईल.

टप्पा ९: उतरणं

जमिनीजवळची फ्लॅपची सूचना बंद करणारं बटण दाबून ठेवा. नाहीतर शेवटच्या पाचशे फुटांत विमान "फ्लॅप कमी आहेत" म्हणून ओरडत राहील, आणि तुम्हाला ते आधीच माहीत आहे.

लांबून सरळ या, निदान २० मैल. तीन अंशांच्या उतारावर १९४ नॉटला खाली येण्याचा वेग मिनिटाला साधारण १,०३० फूट पडतो. एरवी हजाराच्या वर गेलं की आपण फेरी रद्द करतो. इथे तो आकडा अपेक्षित आहे, हे आधीच स्वतःशी बोलून ठेवा. समोरून दहाचा वारा असेल तर हजाराच्या आत येतो.

नाक नेहमीपेक्षा वर दिसेल. ७७७-३०० ची शेपटी लांब आहे. टेकताना हौसेने नाक आणखी उचललंत तर शेपूट घासेल. तरंगत मऊ टेकवायचा प्रयत्न नको. या वेगाला तरंगण्याच्या प्रत्येक सेकंदाला शंभर मीटर धावपट्टी जाते. ठरल्या जागी टेकवा, स्पीडब्रेक (पंखावर उभ्या राहणाऱ्या पट्ट्या) वर आले का बघा, रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा फिरवणारे) ओढा, आणि ऑटोब्रेकला त्याचं काम करू द्या.

परत वर जावं लागलं तर फ्लॅपचा लिव्हर आहे तिथेच. सवयीने एक खाच वर नेणारे खूप.

थांबल्यावर पार्किंग ब्रेक लावायची घाई करू नका आणि गेटकडे धावू नका. अग्निशमनवाल्यांना चाकं बघू द्या. ब्रेकचं तापमान विमान थांबतं तेव्हा सर्वांत जास्त नसतं; ते पुढची दहा-पंधरा मिनिटं चढत राहतं, आणि फार चढलं तर चाकातल्या सुरक्षा-गुडद्या वितळून हवा सोडून देतात. टायर फुटण्यापेक्षा ते बरं. म्हणून "उतरलो!" म्हणून लगेच सिम्युलेटर बंद करू नका. ब्रेकच्या तापमानाचं पान उघडा, आणि आकडे वर चढायचे थांबेपर्यंत बसून राहा.